कनवटीची सुपारी

बद्रीनाथ गुरुजींनी माझ्या तळहातावर एक सुपारी ठेवली आणि म्हणाले, "ही कनवटीला खोचा, साहेब. बाईंच्या जागी."

मी सुपारीकडं बघत राहिलो. साधीच होती, एका अंगाला जरा चपटी. गुरुजी तोवर कलशाला दोरा गुंडाळायला लागले होते. "जोड्यानं बसायची पूजा असती," मान वर न करता ते म्हणाले. "यजमान एकटा असला की सुपारी घ्यायची. शास्त्रात सोय हाये." मांडवात बरीच माणसं होती, पण यात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. मलाही वाटायला नको होतं. पैठणच्या पट्ट्यात अशा किती पूजा मी बघितल्या आहेत. बायको बाळंत असते, नाहीतर माहेरी असते, आणि बाप्या कनवटीला सुपारी खोचून पाटावर बसतो. शेजारपाजारचे म्हणतात, बरी हाये की ही, बोलत नाय. पण त्या बायका परत येणार असायच्या. माझ्या हातातली सुपारी गार लागली. मी उठलो आणि पायाच्या खड्ड्याकडं पाठ करून मांडवाच्या मागं चालू लागलो. मुख्यमंत्री लघवीला चाललेत असं समजून लोकांनी वाट दिली.

दिल्ली दरवाजाच्या बाहेरचं हे माळरान मीच पसंत केलं होतं. इथून एकीकडं शहराची कोटाची भिंत दिसते, दुसरीकडं डोंगर. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पाठोपाठ दिल्लीनं हैदराबादचे तुकडे केले. तेलंगी मुलूख वेगळा, कानडी वेगळा, आणि आमच्या पाच मराठी जिल्ह्यांचं राज्य वेगळं, राजधानी औरंगाबाद. मी त्या राज्याचा पहिला मुख्यमंत्री झालो आणि अजून आहे. लोक मला तात्यासाहेब म्हणतात. इतकी वर्षं आमची विधानसभा सुभेदारीच्या जुन्या दिवाणखान्यात भरते. पावसाळ्यात आमदारांच्या डोक्यावर गळतं, आणि विरोधी पक्षाचे लोक छत्र्या उघडून निषेध करतात. आज इथं आमच्या स्वतःच्या इमारतीचा पाया घालायचा होता. आणि आजच दुपारी सभागृहात ठराव होता. मुंबईत मोठं मराठी राज्य उभं राहत होतं, त्यात आम्ही जायचं. जायला माझी ना नव्हती. कसं जायचं, एवढंच होतं. मुंबईहून आलेल्या ठरावात एक शब्द होता, बिनशर्त. मी पाया घातला तर मुंबईला कळणार होतं की तात्यासाहेब अटी घालूनच येणार. इमारत इथं राहायची, मोठ्या राज्याचं सभागृह वर्षातून एकदा तरी इथं भरायचं, गोदावरीचं पाणी आधी आमच्या रानाला मिळायचं, आणि नोकऱ्यांत आमच्या पोरांचा वाटा कागदावर लिहून द्यायचा. मी पूजा पुढं ढकलली तर कळणार होतं की म्हातारा वळला. ती ढकलावी म्हणून तिकडचे पुढारी आप्पासाहेब आदल्या दिवशी मुंबईहून येऊन सुभेदारीत उतरले होते.

माझं ठरलेलं होतं. सकाळी अंघोळ करताना ठरलेलं होतं, गाडीत बसताना ठरलेलं होतं. पण सुपारी हातात आली आणि मला वाटलं, हे ठरवलं कुणी? वर्तमानपत्रं म्हणतात, म्हाताऱ्याला खुर्ची सुटत नाही. त्याचं मला काही नाही. खुर्ची सुटेल, मी शेतकऱ्याचा आहे, मला बाजेवर जास्त झोप लागते. पण ती गेल्यापासून एक गोष्ट मला सारखी छळते. मी काही बोललो की मागाहून वाटतं, हे तर तिचं वाक्य. जेवताना, फायलीवर सही करताना, कुणाला रागावताना. माझं कुठलं आणि तिचं कुठलं, याची वाटणी आम्ही कधी केली नव्हती. ती असताना गरजही नव्हती. आता कुणाला विचारणार? मागच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. लोक म्हणाले, वर्ष झालं, आता सावरा. मी सावरलेलाच आहे. कामं करतो, दौरे करतो, खोटं बोलणाऱ्याला अजून समोरच्या समोर पकडतो. फक्त गाडीत मागं बसताना अजून एका अंगाला सरकून बसतो.

द्वारका नदीपल्याडची. पैठणला गोदावरी ओलांडली की शेवगावाकडचा इंग्रजी मुलूख लागायचा, आणि अलीकडं निजामाचा. भाषा तीच, ज्वारी तीच, पण मध्ये नदी आणि नदीवर करोडगिरीचा नाका. पल्याडून काही आणलं की जकात. लग्नं मात्र दोन्ही काठांवर व्हायची. माझं ठरलं तेव्हा वडिलांसोबत मीही गेलो होतो, कोपऱ्यात बसलो होतो. आमच्याकडं रीत अशी की मानपान, देणंघेणं, पोरीला माहेरी कधी धाडायचं, सगळं आधी बोलायचं. बोलणं संपलं की सगळ्यांसमोर सुपारी फोडायची. सुपारी फुटली की संपलं. मग कुणी नवीन काही काढायचं नाही. तिचे वडील कडूबा म्हणजे भोळा माणूस. माझ्या वडिलांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं, पाव्हणं?" कडूबा अंगणातल्या सगळ्या माणसांकडं बघून गांगरला. "माझं काय म्हणणं असणार? पोरगी तुमची." वडील खूश झाले. मला त्यांचा तो आवाज अजून ऐकू येतो, मोठा, पोट भरल्यासारखा. "मंग झालं तर! आता आमचं ते सगळं तिचंच की." आणि सुपारी फुटली. कडूबाच्या मनात एक होतं, ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. पोरीला दर पंचमीला धाडायचं कबूल करून घ्या, असं तिच्या आईनं त्याला पढवून बाहेर पाठवलं होतं. मध्ये नदी, पंचमीला नदीला पाणी, नाक्यावर कटकट, म्हणून आधी बोलून ठेवायचं. माणसं बघून तो विसरला.

लग्न होऊन आम्ही निघालो तेव्हा नाक्यावर एक कोवळा कारकून बसलेला होता. कमरोद्दीन. मिसरूड नुकतं फुटलेलं, पण डोक्यावर सरकारी टोपी, म्हणून आवाज मोठा. "क्या है गठरी में?" वडील म्हणाले, नवरीचं सामान. त्यानं नवरीकडं बघितलं, ती खाली मान घालून उभी. "दुल्हन का सामान माफ," तो म्हणाला आणि हातानं पुढं जायची खूण केली. ती चालताना एक हात कमरेवर दाबून चालत होती. मला वाटलं पोटात दुखतंय. कसलं दुखतंय! तिच्या आईनं पसाभर सुपाऱ्या तिच्या कनवटीला बांधून दिल्या होत्या. निजामाच्या बाजूला जकातीपायी सुपारी महाग, सासूला दिल्या तर सासू खूश होईल, असा त्या माउलीचा हिशोब. सासू काही खूश झाली नाही. माझी आई वाईट नव्हती, पण तिला कुणी काही मागितलेलं खपायचं नाही. पहिल्या पंचमीला द्वारकानं विचारलं, जाऊ का? आई म्हणाली, "सुपारी फुटली तवा तुझ्या बापाचं तोंड शिवलं व्हतं का?" पुढं हे वाक्य घरात रुळलं. नवीन लुगडं, बाळंतपण, आजारपण, काहीही निघालं की तेच. मी एखाद्या वर्षी कुरकुर करून तिला पाठवायचो, एखाद्या वर्षी जमायचं नाही. ती भांडली नाही. हसायची. पंचमीच्या दिवशी पाण्याची घागर घेऊन नदीवर जायची आणि पल्याडची झाडं बघून यायची. घागर भरायला इतका वेळ का लागला, म्हणून पुन्हा आईची बोलणी.

निजामाविरुद्ध चळवळ पेटली तेव्हा आमचा कॅम्प पल्याडच, तिच्या बापाच्या मळ्यात पडला. तेव्हा मी महिनोन्‌महिने तिच्या माहेरी आणि ती माझ्या घरी, अलीकडं. ती निरोप धाडायची, "एकदाचं माहेर मिळालं, पण तुम्हाला." पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर मी परत आलो तर आतल्या खोलीत कमरोद्दीनची बायको गुलशन आणि तिची लेकरं बसलेली. ते महिने त्या लोकांना वाईट होते. गावातल्या चार जणांनी दारात येऊन विचारलं तेव्हा द्वारका उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "माझ्या माहेरची माणसं हायेत." कुणी म्हणालं, माहेर तर शेवगावाकडं. ती म्हणाली, "नाक्यापून सुरू व्हतं." कमरोद्दीन तेव्हापासून आमच्याकडं आहे. मुख्यमंत्र्याच्या बंगल्यात कोण कुठं बसेल, कुणाला चहा, कुणाला नुसतं पाणी, हे तो ठरवतो. एकदा तिनं त्याला त्या पसाभर सुपाऱ्यांची गोष्ट सांगितली. तो किती हसला. "या अल्ला! बाईसाब, आप तो मेरी नौकरी खा जाते थे!"

मांडवाच्या मागं गवत वाळलेलं होतं. मी सुपारी बोटांत फिरवत उभा होतो. चपट्या बाजूवर अंगठा बसत होता. दोन हिवाळ्यांपूर्वी मी तिला मुंबईचा ठराव वाचून दाखवला होता, बंगल्याच्या ओसरीवर, सकाळच्या उन्हात. ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. तिची सुपारी फार बारीक असायची, मिश्रीच्या भुकटीसारखी नाही, केसासारखी लांब. मी वाचत गेलो. ती कातरत गेली. मग अडकित्ता थांबला.

"बिनशर्त म्हंजी?"

"म्हंजे काही न मागता. सगळे भाऊच. भावाकडं काय मागायचं?"

"म्हंजी मी आले तसं?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणजे हसली, पण उशिरानं. "जायला हरकत नाय," ती म्हणाली. "एकाच भाषेची माणसं. वेगळं ऱ्हाऊन तरी काय करायचं, तो नाका अजून हायेच की. पैले निजामाचा व्हता, आता तुमचा हाये. मला माहेराला जायला अजून गाडी थांबवावी लागती. जावा. पण अवो, माझ्यासारखं जाऊ नका."

"तुझं काय वाईट झालं?"

"वाईट कशाला व्हईल? तुम्ही चांगले निघाले." अडकित्ता पुन्हा चालू झाला. "पण निघाले म्हणून निघाले. ठरलेलं नव्हतं."

तेवढंच. मग कुणीतरी भेटायला आलं आणि ती पानाचा डबा उचलून आत गेली. त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात तिला ताप आला, औरंगाबादचे होते नव्हते ते डॉक्टर येऊन गेले, आणि ती गेली. शेवटी शेवटी ती माझ्याशी ठरावाबद्दल बोलली असती तर गोष्ट मोठी झाली असती. ती बोलली ती माठाबद्दल. माठ बदला, पाणी गार होत नाही, असं. मी माठ बदलला. तरी मला ओसरीवरचं बोलणंच तिचं शेवटचं बोलणं वाटतं, आणि मी ते सहा जिल्ह्यांना पुरेल एवढं मोठं करून घेतलं आहे की काय, हे मला तिथं गवतात उभं राहून कळत नव्हतं. जिल्हे पाच आहेत. सहावा मी स्वतःच धरला असेन.

"साब." कमरोद्दीन मांडवाला वळसा घालून आला होता. आता त्याची दाढी पांढरी आहे, पण चालताना तो अजून नाक्यावरच्यासारखा मान ताठ ठेवतो. "गुरुजी बोल रहे मुहूर्त निकल जाता. और वो मुंबईवाले आप्पासाहेब आ गये, आप को ढूंढ रहे." मग त्याची नजर माझ्या हातावर गेली. "ये क्या?"

"बाई," मी म्हणालो.

त्याला ही रीत ठाऊक आहे, एवढी वर्षं पैठणला काढलेली. तो सुपारीकडं बघत राहिला. मग त्यानं कपाळाला हात लावून पद्धतशीर सलाम केला, मला नव्हे, सुपारीला. "गुजरने दो," तो म्हणाला. "इस दफा बी जकात नको."

मी मोठ्यानं हसलो. मांडवातल्या दोघातिघांनी वळून बघितलं. तेवढ्यात आप्पासाहेब मागंच आले. ते चांगले गृहस्थ आहेत. तुरुंगात गेलेले, स्वच्छ, खादीला कधी सुरकुती नाही. बोलताना माणसाचा दंड धरतात.

"तात्यासाहेब, इथे आहात होय! अहो, मला दोन मिनिटं द्या. ही पूजा आजच कशाला? लोक उगाच अर्थ काढतील. मुंबईत म्हणतील, मराठवाड्याचा विश्वास नाही आपल्यावर."

"विश्वास हाये. म्हणून तर यायलो."

"मग अटी कशाला? घरात यायचं तर उंबऱ्यावर उभं राहून घासाघीस कसली करायची? आधी आत या. आत आलात की आमचं ते सगळं तुमचंच."

माझ्या दंडावर त्यांचा हात होता आणि कानात माझ्या वडिलांचा आवाज. तोच, मोठा, पोट भरल्यासारखा. आप्पासाहेब मनापासून बोलत होते. वडीलही मनापासूनच बोलले होते. खोटं बोलणारा माणूस मी पकडतो; पण मनापासून बोलणाऱ्याला काय करायचं? इतका वेळ माझ्या डोक्यात जे घुमत होतं, हे माझं की तिचं, ते एकदम थांबलं. ते वाक्य ऐकताना त्या अंगणात मी होतो. ती आत होती, चुलीपाशी. ऐकलं मी, भोगलं तिनं. मग ते मत दोघांचं मिळूनच झालं. वाटणी करायची कशाला?

"आप्पासाहेब," मी विचारलं, "तुमचं लग्न ठरलं तवा मुलीकडून कोण बोललं?"

ते चकित झाले, मग हसले. "तिचे मामा. काय चिवट माणूस! दोन दिवस बोलणी चालली. दागिने कुणाच्या नावावर, शिक्षण पुरं करू देणार की नाही, सणाला कुठे, सगळं वदवून घेतलं आमच्याकडून. आमचे वडील तर उठून चालले होते."

"मंग वहिनी नांदल्या का नीट?"

"नांदल्या म्हणजे? आमच्या डोक्यावर बसून नांदतात!"

"अन तुमच्यावर त्यांचा विश्वास?"

"तो काय असणारच की..." बोलता बोलता ते थांबले. हात दंडावरून निघाला. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं, गड्याच्या वेषात आलेल्या वकिलाकडं बघावं तसं. मी धोतराचा सोगा सावरला, सुपारी कनवटीला खोचली आणि मांडवात गेलो.

पाटावर बसलो. शेजारी दुसरा पाट नव्हताच, सुपारी असली की लागत नाही. गुरुजींनी संकल्प सांगितला, माझं गोत्र, माझं नाव, आणि पुढं "धर्मपत्नीसहित" म्हणताना त्यांचा आवाज जराही अडखळला नाही. मला ते आवडलं. पळीनं पाणी सोडताना बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते. तिचा हात नेहमी ओला असायचा, घाईत पदराला पुसून आलेला. गुरुजी म्हणाले, "सुपारीला हात लावा, म्हंजी झालं." मी उजव्या हातानं पाणी सोडलं आणि डावा हात कमरेवर दाबून धरला. तसाच धरून राहिलो. धूर डोळ्यांत जात होता. गुलमंडीवरून आलेले व्यापारी, चितेगावचे शेतकरी, आमदार, छायाचित्रवाले, सगळ्यांना वाटलं असेल साहेबांच्या पोटात दुखतंय.

आता दगड. काळा, आमच्याच डोंगरातला. गड्यांनी तो दोरावर धरला. खड्ड्यात गुरुजींनी हळदकुंकू, पंचधातू, मूठभर धान्य सोडलं. लोकांनी नाणी टाकली. "ती सुपारी पण सोडा आता," गुरुजी म्हणाले. "तिचं काम झालं."

मी सुपारी कनवटीतून काढली. खड्डा खोल होता, तळाशी ओली माती. माझा हात पुढं गेला नाही. एका घराच्या पायाखाली द्वारका एकदा गेलेली होती. ते घर चांगलं उभं राहिलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

"नाय," मी म्हणालो. "ही ऱ्हाऊ द्या."

आप्पासाहेब शेजारी येऊन उभे होते. ते राजकारणी माणूस, खड्ड्याशी उभं राहूनही त्यांना दुपार दिसत होती. हळू आवाजात, थोडं थट्टेनं म्हणाले, "मग तात्यासाहेब, मी मुंबईला काय कळवू? लग्नाचंच बोलायचं तर सुपारी तुमच्या हातातच आहे. सगळे जमलेत. टाका फोडून."

बोलणं हळू होतं, पण आमच्याकडच्या माणसांना सुपारी फोडायची गोष्ट लांबूनही ऐकू येते. पुढच्या रांगेतले म्हातारे माझ्या हाताकडं बघायला लागले. मला कडूबा आठवला, अंगणातल्या माणसांकडं बघून गांगरलेला. मीही माणसांकडं बघितलं. मी गांगरलो नाही.

"ही फुटायची नाय, आप्पासाहेब," मी म्हणालो. मोठ्यानंच म्हणालो. "ही आमच्या घरातली हाये. तुम्ही मुंबईहून तुमची सुपारी आणा, अन संगं कागद आणा. पाण्याचं बोलू, नोकऱ्यांचं बोलू, या इमारतीचं बोलू. दोन दिवस लागले तर लागू द्या, वहिनींच्या मामांना लागलेच की. बोलणं झालं की ह्याच दगडावर मी सोता फोडतो. अन मग आम्ही येतो, हसत येतो. दुपारच्या ठरावातून तो एक शब्द तेवढा मी काढणार हाये."

मग पुढच्या रांगेतला सोयगावचा एक म्हातारा, सांडू, आमचा जुना कॅम्पमधला माणूस, शेजारच्याला म्हणाला, "आता बोलला बघ पोरीचा बाप." लोक हसले. आप्पासाहेबही हसले, थोडे आंबट, पण हसले. त्यांनी मान हलवली, आणि मला वाटतं त्या क्षणी त्यांना मामा आठवले असावेत.

मी दोराला हात लावला. गड्यांनी दगड खाली सोडला. तो बसला तेव्हा जमीन पायाखाली जराशी दबली, इतकी थोडी की शेजारच्याला कळलं नसेल. मी सुपारी पुन्हा कनवटीला खोचली. कमरोद्दीन गाडीचं दार धरून उभा होता. त्यानं माझ्या कमरेकडं बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं. मी आत बसलो, नेहमीसारखा एका अंगाला सरकून. सुपारीची कड कमरेला टोचत होती. तशीच घेऊन मी सभागृहाकडं निघालो.